भेसळीचा युरिया

परभणीत काही लोक मला अजूनही ‘पावडरवाल्या मॅडम’ म्हणतात. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण नाव पडलं ते हे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत किडीच्या औषधांच्या जातकुळीतल्या पदार्थांवर काम करते, ही बातमी कशी कोण जाणे बाजारात पोचली. मग कोणी कापसावरच्या औषधाची पुडी रुमालात बांधून आणायचं. “मॅडम, ही पावडर असली हाय का नकली, तेवढं बगून सांगा.” गंगाखेडच्या एका दुकानदाराने तर मी बनवते ती पावडर किलोवर मिळेल का, असं थेट विचारलं. मी त्याला माझ्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा माल दाखवला. काचेच्या छोट्या बाटलीच्या तळाशी चमचाभर पांढरे स्फटिक होते. त्याने बाटली उजेडात धरली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, “एवढ्यात तर एक आळी बी मरायची न्हाई.”

त्याचं बरोबरच होतं. माझ्या पावडरीने आळी मरत नव्हती आणि मला ती मारायचीही नव्हती. माझ्यासमोर एका विद्यार्थिनीने एक प्रश्न टाकला होता आणि तो सोडवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. माणसाला व्यसन काही ना काही लागतंच. मला हे लागलं.

भोपाळची दुर्घटना झाली त्यानंतरच्या सत्रातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी कार्बामेट नावाचा संयुगांचा वर्ग शिकवत होते. रसायनशास्त्राशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. युरिया म्हणजे खताच्या गोणीतला युरिया सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या रेणूला मध्ये एक धड आणि दोन्ही बाजूंना नत्राचे दोन हात असतात. त्यातला एक हात काढून तिथे अल्कोहोलचा तुकडा बसवला, की ते झालं कार्बामेट. हात दोन्ही ठेवले आणि त्यांवर वेगवेगळे तुकडे चढवले, तर वेगवेगळे युरिया तयार होतात. किडीची औषधं, माणसांची औषधं, गाद्यांचा फोम, रंग, अशा शंभर ठिकाणी ही मंडळी लागतात. ती बनवायची कारखान्यातली रूढ वाट मात्र फॉस्जीनमधून जाते. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हा वायू. त्यापासून मधल्या टप्प्यावर आयसोसायनेट बनतं आणि त्यापासून कार्बामेट. भोपाळला टाकीतून सुटला तो याच मधल्या टप्प्यावरचा वायू होता.

हे मी फळ्यावर बाण काढून नेहमीसारखं शिकवलं. खरं सांगायचं तर ती अभिक्रिया मला आवडायची. पायऱ्या कमी, माल भरपूर, समीकरण देखणं. शिकवून झाल्यावर सुनंदा उभी राहिली. ती पेडगावहून यायची आणि वर्गात सहसा बोलायची नाही.

“मॅडम, माजा मामा भोपाळला रेल्वेत हाय. त्याला आता दोन पावलं चाललं की धाप लागायलीय,” ती म्हणाली. “हे करायला दुसरी वाट न्हाई का?”

“पुस्तकात नाही,” मी म्हणाले.

“पुस्तकात न्हाई, का न्हाईच?”

तास संपल्याची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं काढली. वाट अगदीच नव्हती असं नाही. युरिया सरळ अल्कोहोलमध्ये उकळत ठेवला, तर त्याचा एक हात अमोनिया होऊन सुटतो आणि कार्बामेट तयार होतं. विषारी वायू लागत नाही आणि मधे काही भयंकर बनतही नाही. अडचण एकच होती. ही अभिक्रिया गोगलगायीला लाजवेल इतकी सावकाश चालायची. तिला हवा होता उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळवणारा माणूस. तो दोन घरं एकत्र आणतो, लग्न लावून देतो आणि स्वतः मात्र संसारात अडकत नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या घराच्या ओसरीवर हजर असतो. आम्हाला असा जुळवणारा शोधायचा होता, तोही स्वस्त आणि निरुपद्रवी. आता या सगळ्याला हरित रसायनशास्त्र असं छान नाव आहे. तेव्हा ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी त्याला आपलं ‘सुनंदाचं काम’ म्हणायचे.

पीएच.डी.साठी नाव नोंदवायला मी मराठवाडा विद्यापीठात पाठकसरांकडे गेले. माणूस विद्वान, शिस्तीचा आणि शंकेखोर. त्यांनी विषय ऐकून चष्मा काढला.

“जोंधळेबाई, मोठमोठ्या प्रयोगशाळा यावर बसल्या आहेत. तुमच्या कॉलेजात पाणी तरी रोज येतं का?”

“एक दिवसाआड येतं, सर.”

“मग?”

“मग एक दिवसाआड करीन.”

सरांना हसू आलं असावं, कारण त्यांनी सही केली. पण अट घातली. जे सापडेल ते त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडलं पाहिजे. एकदा घडतं तो योगायोग, पुन्हा घडतं ते शास्त्र, असं ते म्हणायचे. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पाण्याचा प्रश्न खरा होता. अल्कोहोल तासन्‌तास उकळायचं, तर त्याची वाफ वर काचेच्या नळीत थंड करून पुन्हा खाली पाडावी लागते, नाहीतर सगळं हवेत उडून जातं. त्या नळीभोवती थंड पाणी सतत खेळतं लागतं. आमच्या नळाला दिवसाआड सकाळी तासभर करंगळीएवढी धार. यावर तोड काढली आमचे प्रयोगशाळा-सेवक रहीमभाई यांनी आणि मी मिळून. आम्ही मोठा रांजण आणला, त्यात प्राचार्यांच्या केबिनमधल्या कूलरची छोटी मोटार सोडली, आणि तेच पाणी नळीतून फिरवून परत रांजणात आणलं. रांजण मातीचा, पाणी आपोआप गार. हिवाळाभर हा कारभार उत्तम चालला. होळी झाली आणि रहीमभाई धावत आले.

“मॅडम, साब कूलर चालू किये. पंखा घुमरा, पानी नै आरा. मेरेकू बुलारे.”

“मग काय सांगितलंत?”

“बोला, देखता साब. कचरा फसा होएंगा.”

प्राचार्य भले होते. त्यांना मी स्वतः जाऊन रांजण दाखवला. आपली मोटार ओळखून ते म्हणाले, “बाई, पीएच.डी. झाली की माझं नाव आभारात टाका. घाम गाळलाय मी.” मी टाकलं.

साधनं जमली, पण जुळवणारा सापडेना. मी एकेक करून पदार्थ घालून पाहत होते. चुना झाला, खाण्याचा सोडा झाला, भाजलेली पांढरी माती झाली, आम्लं झाली. काहींनी ढिम्म काही केलं नाही, काहींनी युरियाच जाळला. अशात वर्ष सरायला आलं आणि प्रयोगशाळेतला शुद्ध युरिया संपला. नवी खरेदी जूनशिवाय होणार नव्हती. माझा धाकटा भाऊ देविदास गावाकडची शेती बघायचा. ताडकळसच्या बाजाराला तो आला, की माल विकून पुढे एस.टी.ने माझ्याकडे परभणीला यायचा. त्याला म्हटलं, “पुढच्या वेळी येताना घरचा थोडा युरिया घेऊन ये.”

“कामून? कुंड्याला टाकायलीस का?”

“शिजवायलेय,” मी म्हणाले.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली आमच्या वस्तीतल्या कडब्याच्या गंज्या पेटवल्या गेल्या. त्यात आमचीही होती. मी तेव्हा परभणीला शिकत होते. पण त्याच गावात आज देविदासची नातवंडं सगळ्यांच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतात, म्हणून नाव राहू द्यावं. विहिरीखालची ती थोडी जमीन, माय, देविदास आणि त्याची बायको, असं माझं माहेर, वाव्हळांचं घर. त्या साली मायने मला निरोप धाडला होता, की पोरीने गावाकडं यायचं नाही, तिथंच शिकत राहायचं. माझ्या हट्टाचं मूळ शोधायला लांब जायला नको.

देविदासने प्लास्टिकच्या पिशवीत युरिया आणून दिला. तो जरा ओलसर, हाताला चिकट लागत होता. मी तो उन्हात वाळवला आणि ब्युटॅनॉल नावाच्या अल्कोहोलमध्ये रेतीच्या घमेल्यावर उकळत ठेवला. खरं म्हणजे काहीच न घातलेला हा साधा प्रयोग होता. बाकीच्यांची तुलना करायला असा एक कोरा प्रयोग ठेवावाच लागतो. थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी नाकाला झिणझिण्या आल्या. मी ओला लाल लिटमस कागद धरला. धरताक्षणी तो निळा झाला. अमोनिया! मी दिवसभर आरती ओवाळूनही जी अभिक्रिया अमोनिया धड देत नव्हती, ती आता धो धो देत होती.

मी खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले. उरलेलं अल्कोहोल उडवल्यावर फ्लास्कात दाट द्रव राहिला. परभणीचा उन्हाळा असा, की या पदार्थाला थिजायला गार जागाही मिळेना. रहीमभाईंनी ती बाटली पिण्याच्या माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवली, तेव्हा कुठे स्फटिक धरले. पांढरेशुभ्र, पापुद्र्यासारखे. त्यांचा वितळणबिंदू पुस्तकातल्याशी जुळला. मी दोन-तीनदा करून पाहिलं आणि दर वेळी तेच घडलं. मी पाठकसरांना लिहिलं, की कार्बामेट मिळालं, उत्प्रेरकाशिवाय मिळालं, आणि झपाट्याने मिळालं.

सरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी चार-पाच मुलं माझ्याभोवती जमली. सरांनी कपाटातून शुद्ध युरियाची कोरी बाटली काढून दिली. मी सगळं तसंच केलं. दुपार झाली, चहा झाला, संध्याकाळ होत आली. लिटमस कागदाला जेमतेम निळसर झाक आली होती. एक मुलगा हळूच दुसऱ्याला म्हणाला, “परभणीचं पाणी असेल.” मला ते ऐकू आलं.

“अमोनिया आलाच नाही असं नाही,” सर समजुतीने म्हणाले. “नेहमीइतका आला. बाई, उत्साहात माणसाचं असं होतं. सोपा विषय घ्या. नोंदणीची मुदत वाढवून मिळाली आहे, ती परत मिळणार नाही.”

परतीच्या गाडीत मला राग आला होता, आणि तो सरांचा नव्हता. तीन वेळा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल? आणि खरी असेल तर ती परभणीत राहते आणि विद्यापीठात जात नाही, हे कसं? सोपा विषय घ्यायचा तर सुनंदाला काय सांगायचं? दुसरी वाट आहे, पण ती फक्त आमच्या कॉलेजच्या आवारात चालते?

घरचा युरिया संपला होता. देविदासला पुन्हा सांगितलं आणि वर बजावलं, “या वेळी जरा कोरडा, चांगला आण.” त्याने मोठ्या कौतुकाने आणला. “अक्का, तुज्यासाठी नवी गोणी फोडली बग.” मी तो लावला. काही नाही. तीच गोगलगाय. देविदास समोर बसून चहा पीत होता. माझा चेहरा बघून त्याला वाटलं, गोणीतच काही खोट आहे. तो दुकानदाराला शिव्या देत गावी गेला.

आता सगळे म्हणू लागले, की सोडा. घरचे म्हणाले, सहकारी म्हणाले. एकाने तर सांगितलं, की मराठवाड्यात बसून भोपाळला उत्तर द्यायचं म्हणजे विहिरीतून चंद्राला दोर टाकणं. मी म्हटलं, दोर माझा आहे, विहीर माझी आहे, तुमचं काय जातंय?

आमच्या मायला एक सवय आहे. ती काही टाकत नाही. चुलीतली राख भांड्यांना, भाजीचे देठ शेळीला, फाटकं लुगडं वाकळीला. मी तिची मुलगी. प्रत्येक प्रयोगानंतर गाळणीत जो गाळ उरायचा, तो इतर लोक बेसिनमध्ये ओतून देतात. मी तो बाटल्यांत भरून खिडकीत मांडून ठेवायचे. रहीमभाई त्या खिडकीला ‘मॅडम का अचार’ म्हणायचे. एक दिवस त्या खिडकीसमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं, की यशस्वी प्रयोगांच्या बाटल्यांत तळाशी बराच पांढरा गाळ आहे, आणि फसलेल्या प्रयोगांच्या बाटल्यांत जवळजवळ नाही. युरिया तर विरघळून जातो. मग हा गाळ कोणाचा?

पुढचं काम बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं पोर करतं. दिलेल्या क्षारात कोणता धातू आहे ते ओळखायचं. आधी आम्ल, मग एकेक गट, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू, ज्याच्यामुळे रसायनशास्त्राच्या इमारतीत वाङ्मय मंडळाचे कार्यक्रम कधी होत नसत. इतकी वर्षं मी मुलांना हे पाठ करून घेत आले होते. या वायूने काळा साका आला तर अमुक, पिवळा आला तर तमुक, फिका गुलाबी आला तर मँगनीज. आणि पांढरा? पांढरा एकट्या जस्ताचाच. मी वायू सोडला. परीक्षानळीत हळूहळू मळकट पांढरा साका जमला.

जस्त. म्हणजे झिंक. आणि दुसऱ्या चाचणीत सल्फेट. घरच्या युरियात झिंक सल्फेट!

मी रजा टाकली आणि पहिली एस.टी. पकडून गाव गाठलं. माय अंगणात शेंगा फोडत होती, देविदास बैलांना पाणी दाखवत होता. मी पायातली चप्पलसुद्धा न काढता विचारलं, “पहिल्यांदा दिलास तो युरिया कसला होता?”

“युरियाच. दुसरा कसला आसंल?” देविदास म्हणाला.

“त्यात झिंक कुठून आलं?”

तो जरा आठवू लागला आणि मग एकदम म्हणाला, “हां, ते गव्हाचं व्हतं गं. गहू पिवळा पडायला लागला व्हता, तर कृषीवाल्या साहेबानं झिंक टाकायला सांगितलं. दोन्ही एकदाच फेकायचं म्हणून मायनं पोत्यावर मिसळून ठिवलं. त्यातलं उरलेलं तुला दिलं. मुठभर युरियापायी सबंध गोणी कशाला फोडायची?”

“मग मला सांगायचं नाही का, यात भेसळ आहे म्हणून?”

माझा आवाज चढला होता. तो आनंदाने चढला होता, पण ते बाकी कोणाला कळणार कसं. मायने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मीच कालवलं बाई ते. सांगितलं आसतं तर तू घेतलंच नसतं.”

ते मात्र शंभर टक्के खरं होतं. भेसळीचा युरिया मी हातात धरला नसता. शुद्ध पदार्थाशिवाय प्रयोग नाही, हे मी स्वतःच वर्षानुवर्षं वर्गात घोकून घेत होते. मी मायच्या दोन्ही हातांना धरून तिला अंगणात गरकन फिरवलं. तिला वाटलं, पोरगी शिकून शिकून येडी झाली. मी दोन घास खाऊन परतीची गाडी पकडली, कारण मला प्रयोगशाळा दिसत होती. मायच्या चेहऱ्याकडे नीट बघायला थांबले नाही.

पुढचा मार्ग सरळ होता, जरी त्यात वर्षं गेली. सल्फेटपेक्षा जस्ताचं भस्म, म्हणजे झिंक ऑक्साईड, जास्त चांगलं काम करतं असं दिसलं. ते गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतं, हेही दिसलं. निघणारा अमोनिया सौम्य गंधकाम्लात धरला, तर पुन्हा खतच तयार होतं. प्रबंधाच्या दुसऱ्या भागात मी याच पद्धतीने वेगवेगळे युरिया बनवले. पाठकसरांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या बाटलीतल्या शुद्ध युरियात चिमूटभर भस्म टाकून मी पुन्हा प्रयोग लावला. या वेळी लिटमस कागद सरांनी स्वतः धरला. तो निळा झाला. सरांनी दुसरा कागद मागितला. तोही झाला. मग ते एवढंच म्हणाले, “चहा मागवा.” त्या प्रयोगशाळेत याला टाळ्यांचा कडकडाट समजतात.

सुनंदा तोपर्यंत पेडगावला शाळेत शिक्षिका झाली होती. मी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. प्रयोग चालू असताना ती नळीच्या तोंडाशी वाकली आणि नाक मुरडून मागे आली.

“ह्यातून हाच वायू निघतो?”

“हाच.”

“मॅडम, हा तर आमच्या गोठ्यातला वास हाय.” आणि ती पुन्हा एकदा वाकून, नीट श्वास घेऊन बघू लागली. मीच तिला मागे ओढलं, कारण गोठ्यातला असला तरी अमोनियाच तो.

इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, की माझ्या पद्धतीने भोपाळच्या कारखान्यातलं औषध बनत नव्हतं. साध्या अल्कोहोलांची कार्बामेटं बनत होती. त्या औषधापर्यंत जायला आणखी बऱ्याच पायऱ्या होत्या आणि त्या माझ्याने झाल्या नाहीत. एका चर्चासत्रात कारखान्याचे एक साहेब भेटले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, फॉस्जीनची यंत्रं उभी आहेत. ती मोडून तुमचा रांजण कोण बसवणार?” मी म्हटलं, “आज नाही बसवणार. पण बसवायला काही नव्हतंच, असं तर तुम्हाला आता म्हणता येणार नाही.” पुढे मोठ्या देशांतून याच वाटेवरचं काम येताना वाचलं, तेव्हा आनंद झाला आणि पोटात दुखलंही. दोन्ही खरं आहे.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा सरांशी शेवटची लढाई झाली. जस्त कसं सापडलं, ते मी जसं घडलं तसं लिहिलं होतं. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

“असं प्रबंधात लिहीत नाहीत. ‘अनेक धातूंचे क्षार तपासले, त्यांत जस्त सर्वोत्तम ठरलं’, एवढं लिहा.”

“पण तसं घडलं नाही, सर.”

“घडतं कसं आणि लिहितात कसं, यात फरक असतो.”

“एकदा घडतं तो योगायोग, असं तुम्हीच म्हणता. मग योगायोग कोणी घडवला, हे लिहायला नको? माझ्या आधीच्या लोकांच्या निबंधांची नावं तळटीपांत शंभर दिली आहेत. तिचं एक जास्त.”

“परीक्षक हसतील.”

“हसू देत. खोट काढता आली नाही म्हणजे झालं.”

सरांनी खोडरबर घेऊन आपली रेघ स्वतःच पुसली. “उत्तर तुम्ही द्यायचं,” ते म्हणाले.

तोंडी परीक्षेचा दिवस आला तेव्हा नामांतर होऊन काही महिने झाले होते. परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मी मायला घेऊन गेले. देविदास आला, सुनंदा आली, आणि इस्त्रीचा शर्ट घालून रहीमभाई आले. फाटकाशी माय थांबली. तिला वाचता येत नाही. “पाटीवर काय लिवलंय, वाच,” ती म्हणाली. मी वाचलं. कोणाचं नाव ते मराठवाड्यात सांगायला नको. “आणिक एकदा वाच,” ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने पदर सारखा केला आणि आत पाऊल टाकलं.

परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं आणि इंग्रजीतलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. त्याचा अर्थ असा, की पहिल्या यशस्वी प्रयोगातला युरिया शेतातला होता आणि त्यात जस्ताचं मिश्रण गिरजाबाई वाव्हळ यांनी हाताने केलं होतं.

“कोण या गिरजाबाई?” त्यांनी विचारलं. “कोणत्या संस्थेत असतात?”

“माझी आई आहे, सर. शेतात असते. आत्ता मागच्या बाकावर बसलीय.”

सगळ्या माना मागे वळल्या. आपलं नाव ऐकून माय आधीच उभी राहिली होती. परीक्षक हसले नाहीत. ते मराठीत म्हणाले, “आजी, किती प्रमाणात मिसळलं होतं?”

“परमाण काय साहेब, मूठ मूठ टाकली आन् कालवलं.” मग ती हात जोडून म्हणाली, “माजी चूक झाली साहेब. मला ठावं नव्हतं ते पोरीच्या परीक्षेला जायचं हाय म्हणून. तिचं वर्ष बुडवू नका.”

त्या दिवशी अंगणात मी ‘भेसळ’ म्हणून ओरडले होते, ते तिने धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की पोरीचं शिक्षण रखडलंय ते आपल्या हाताने. आज नाव पुकारलं गेलं ते जाब द्यायलाच, असं समजून ती उभी राहिली होती.

परीक्षा चालू असताना उमेदवाराने जागा सोडायची नसते. मी सोडली. बाकांमधून मागे गेले आणि तिचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले.

“माय, तुजं नाव चुकीत न्हाई लिवलं. जिथं काम कसं केलं ते लिवत्यात, तिथं लिवलंय. तू कालवलंस म्हणून झालं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून परीक्षकांकडे पाहिलं. ते उभे राहिले होते आणि त्यांच्या शेजारी पाठकसरही. तिला माझं पुरतं खरं वाटेना. तिने त्यांनाच विचारलं, “खरंच का वो साहेब?”

“खरं आहे, आजी,” पाठकसर म्हणाले. “छापलंय.”

माय खाली बसली. तिने आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले होते, ते सरळ केले आणि बघत राहिली.

“आता पुढं जा,” ती मला म्हणाली. “लोकं खोळंबलेत.”